जोडीनं जिंकायचा खेळ : हौशी पॅडेल स्पर्धांविषयी

हौशी पॅडेल स्पर्धेत हरून बाहेर आलेल्या जोडीला कारण विचारलं, तर बहुतेक वेळा समोरच्यांच्या स्मॅशचं वर्णन ऐकायला मिळतं. पण कोर्टाबाहेर बसून कुणी त्या सामन्याचा एकेक गुण वहीत टिपला असेल, तर वही वेगळं सांगते. गमावलेल्या गुणांतला मोठा हिस्सा नेटमध्ये मारलेल्या, टप्पा न पडता थेट समोरच्या काचेवर घातलेल्या आणि दोघांच्या मधून निसटलेल्या चेंडूंचा असतो. समोरच्यांनी खरोखर मारून घेतलेले गुण बोटांवर मोजण्याइतके निघतात. हे पुस्तक अशा वह्यांतून तयार झालं आहे. फटके शिकवणारे प्रशिक्षक आता मुंबई-पुण्यात मिळू लागले आहेत. स्पर्धेसाठी जोडी कशी घडवायची, कोणत्या गटात उतरायचं, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत चार-पाच सामने कसे निभवायचे, हे मात्र अजून एकमेकांना विचारत, चाचपडतच शिकलं जातं.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख. कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध नेट, मध्यभागी ८८ सेंटिमीटर उंच. दोन्ही टोकांना ३ मीटर उंचीची काच आणि तिच्यावर १ मीटर जाळी. बाजूंना कोपऱ्यापाशी काच, तिथून पुढे नेटपर्यंत जाळी. खेळतात चौघं. रॅकेटला तारा नसतात. आत फोम, वर फायबर किंवा कार्बनचा पापुद्रा आणि आरपार भोकं अशी ती असते. लांबी ४५.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि तिची दोरी मनगटात अडकवणं सक्तीचं आहे. सर्व्हिस खालून करायची, चेंडूला टप्पा देऊन, कमरेच्या वर न जाऊ देता. गुण मोजायची रीत टेनिसची. आपल्या बाजूला एक टप्पा पडून चेंडू मागच्या काचेवर आदळला आणि परत आला, तर तो खेळता येतो. या एका नियमानं खेळाचा स्वभावच बदलला. टेनिसमध्ये डोक्यावरून मागे गेलेला चेंडू बहुधा हातचा गेलेला असतो. इथे तो काचेवरून पुन्हा आपल्याकडे येतो आणि विचार करायला क्षणभर उसंत देतो. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी रॅली खेळता येते ती यामुळेच, आणि चांगल्या जोडीला हरवणं इतकं अवघड जातं तेही यामुळेच.

हा खेळ मेक्सिकोतला. १९६९ साली आकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेलं छोटं कोर्ट बांधलं. त्यांचे स्पॅनिश स्नेही आल्फोन्सो दे होएनलोए यांना ते आवडलं आणि १९७४ साली त्यांनी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्बेयाला कोर्टं उभारली. तिथून अर्जेंटिनाच्या हुलियो मेन्दितेगी यांनी तो मायदेशी नेला. पुढचा सगळा इतिहास प्रामुख्यानं या दोन देशांचा आहे आणि दोन्हीकडे त्याची वाट वेगळी गेली.

स्पेनमध्ये सुरुवातीला हा श्रीमंतांच्या क्लबांतला खेळ होता. पंतप्रधान होसे मारिया अस्नार तो खेळत असत, त्यामुळे त्याची चर्चाही बरीच झाली. पुढे निवासी सोसायट्यांच्या आवारात आणि सार्वजनिक क्रीडासंकुलांत कोर्टं आली आणि तो सर्वांचा झाला. अर्जेंटिनात तो लवकरच मोहल्ल्यात पोहोचला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीला तिथे गावोगाव सिमेंटच्या भिंतींची कोर्टं उभी राहिली. त्या खरबरीत भिंतीवरून चेंडू कसा येईल याचा भरवसा कमी, म्हणून हात मऊ ठेवून, मनगटानं चेंडू वळवत खेळायची सवय तिथल्या पोरांना लागली. मग लाट ओसरली, असंख्य कोर्टं बंद पडली आणि पुष्कळ अर्जेंटिनी खेळाडूंनी व्यावसायिक खेळासाठी स्पेन गाठलं. आंतरराष्ट्रीय महासंघ १९९१ साली माद्रिदमध्ये स्थापन झाला आणि पहिली जागतिक स्पर्धा १९९२ साली स्पेनमध्येच झाली. २०१३पासून दहा वर्षं वर्ल्ड पॅडेल टूर हे व्यावसायिक खेळाचं मुख्य व्यासपीठ होतं. २०२२ साली प्रीमियर पॅडेल सुरू झाली आणि २०२४पासून तीच मुख्य मालिका आहे.

या दोन देशांतून दोन घराणी तयार झाली असं म्हणता येईल. अर्जेंटिनी घराणं भिंतीवर जगणारं. उंच लॉब, बचावात संयम आणि ऐन वेळी काहीतरी अनपेक्षित. स्पॅनिश घराणं अकादमीतलं. जागा धरायची, पायांची शिस्त पाळायची आणि नेटवरचा ताबा सोडायचा नाही. गेल्या काही वर्षांत यात तिसरं, ताकदीचं घराणं मिसळलं आहे. आलेहान्द्रो गालान, आर्तुरो कोएयो, आगुस्तिन तापिया यांच्या पिढीनं टप्पा पाडून चेंडू कोर्टाबाहेर घालवणारा स्मॅश हे नेहमीचं हत्यार करून टाकलं. मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रफितींत बहुतेक हेच तिसरं घराणं असतं. हौशी खेळाडूनं मात्र शिकावं ते पहिल्या दोघांकडून, असं माझं स्पष्ट मत आहे. शनिवारी सकाळी नऊच्या सामन्यात दोन जोड्यांतला फरक बहुतेकदा लॉबचा असतो.

याच संदर्भात फेर्नान्दो बेलास्तेगिन या नावापाशी थांबायला हवं. अर्जेंटिनातल्या पेउआहो या गावचा हा खेळाडू सलग १६ वर्षं जगात पहिल्या क्रमांकावर होता. त्यातली १३ वर्षं त्याचा जोडीदार एकच होता, हुआन मार्तिन दियास. दियास डावखुरा, कोर्टाच्या उजव्या बाजूला खेळणारा, हवेतल्या चेंडूंवर विलक्षण हुकूमत असलेला. बेलास्तेगिन डाव्या बाजूला, चिवट, एकेका गुणाला चिकटून राहणारा. डावखुरा उजवीकडे उभा राहिला की दोघांचेही फोरहँड मधल्या पट्ट्यात येतात आणि दोघांमधून चेंडू काढणं अवघड होतं. कोएयो-तापिया या आजच्या जोडीतही हाच हिशेब आहे. पण ती १३ वर्षं केवळ या मांडणीमुळे टिकली नसती. सामना हातातून निसटत असताना एकमेकांकडे कसं पाहायचं, हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

हौशी पातळीवर इथेच घोडं पेंड खातं. स्पर्धेची घोषणा झाली की नाव नोंदवण्याच्या शेवटच्या दिवशी फोन फिरू लागतात आणि जो मोकळा असेल तो जोडीदार ठरतो. दोघंही वेगवेगळे चांगले खेळतात, पण एकत्र कधी खेळलेले नसतात. पहिल्याच गेममध्ये मधून आलेला चेंडू दोघंही सोडतात, पुढच्या वेळी दोघंही धावतात. पॅडेलमध्ये जोडी पुढे जाते तेव्हा दोघं पुढे जातात आणि मागे येते तेव्हा दोघं मागे येतात. एक नेटवर आणि एक काचेपाशी अशी अवस्था झाली की मधली मोकळी तिरकी जागा समोरच्यांना लगेच दिसते. म्हणून तयारीची सुरुवात बोलण्यापासून करावी असं मी सुचवतो. ‘माझा’, ‘तुझा’, ‘सोड’, ‘काच’, ‘वर चल’ हे पाच शब्द प्रत्येक चेंडूवर, मोठ्यानं, लाज न बाळगता. महिनाभर हे केलेल्या दोन मध्यम खेळाडूंनी बऱ्याच सरस, पण मुक्या जोड्यांना घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे.

आपल्याकडे हा खेळ खेळायला येणारे बहुतेक जण दुसऱ्या एखाद्या खेळातून येतात आणि तिथला हात बरोबर आणतात. टेनिसवाल्यांना व्हॉली येते, पण फटक्याआधी हात फार मागे जातो आणि चेंडू काचेपर्यंत जाऊ देण्याचा धीर नसतो. स्क्वॉशवाल्यांना भिंतीचे कोन कळतात, पण स्क्वॉशचा चेंडू भिंतीवरून मरून येतो आणि हा उसळून येतो, त्यामुळे ते काचेला फार चिकटून उभे राहतात. महाराष्ट्रात सर्वांत मोठा वर्ग बॅडमिंटनवाल्यांचा. त्यांचे पाय चपळ असतात, दुहेरीची जाण असते, नेटवरची नजर तीक्ष्ण असते. अडचण होते ती डोक्यावरच्या चेंडूची. बॅडमिंटनमध्ये वर आलेलं शटल मारायचं हे हाडीमाशी भिनलेलं असतं आणि इथे नेमकं तेच महागात पडतं.

हा मुद्दा जरा जवळून पाहू. तुम्ही नेटवर आहात, समोरच्यानं लॉब टाकला. चेंडू तुमच्या डोक्यावरून मागे चालला आहे. तुम्ही दोन पावलं मागे सरकून सगळा जोर लावून सपाट स्मॅश मारता. चेंडू समोर जोरात टप्पा घेतो, मागच्या काचेवर आदळतो आणि तसाच उसळून कोर्टाच्या मध्यापर्यंत येतो, छातीच्या उंचीवर, निवांत. समोरच्याला याहून सोपा चेंडू मिळणार नाही. जितका जोर जास्त, तितकी भेट मोठी. म्हणून बांदेहा हा फटका घडला. मध्यम वेग, चेंडूखालून कापत नेलेली रॅकेट, निशाणा समोरच्या कोपऱ्यात. असा चेंडू काचेवरून खालीच राहतो, समोरच्याला गुडघे वाकवावे लागतात आणि तेवढ्या वेळात तुम्ही पुन्हा नेटवर पोहोचता. बांदेहानं गुण मिळत नाही, जागा मिळते. ही जागा चार-पाच वेळा टिकवली की समोरच्याचा संयम सुटतो आणि गुण आपोआप येतो. स्पर्धेच्या आधीच्या सरावात स्मॅशला दहा मिनिटं आणि लॉब-बांदेहाला अर्धा तास, असं प्रमाण मी सर्वांना सांगतो.

स्पर्धांचे प्रकार पाहिले की हौशी खेळाची खरी बांधणी लक्षात येते. अर्जेंटिनात खेळाडू आठव्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंत चढत जातो आणि आपल्या श्रेणीत खेळतो. तिथे ‘सुमा’ नावाची एक सुंदर पद्धत आहे. जोडीतल्या दोघांच्या श्रेणींची बेरीज ठरवून दिलेली असते. सुमा १२ असेल तर पाचव्या श्रेणीचा खेळाडू सातवीतल्याबरोबर उतरू शकतो. काका-पुतण्या, नवरा-बायको, जुना खेळाडू आणि नवा शेजारी यांना एकत्र खेळायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. स्पेनमध्ये क्लबच्या स्पर्धा बहुधा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतात आणि रविवारी संपतात. पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळी फळी असते, म्हणजे पैसे भरून आलेल्या जोडीला किमान दोन सामने मिळतात. अमेरिकानो हा सर्वांत मोकळा प्रकार. दर फेरीला जोडीदार बदलतो, ठरावीक गुणांचे छोटे सामने होतात आणि ज्याचे त्याचे गुण मोजले जातात. ओळखी होण्यासाठी तो उत्तम आहे, पण जोडी घडवण्यासाठी त्याचा उपयोग नाही. आपल्याकडच्या आयोजकांनी अमेरिकानोवरच न थांबता सुमा आणि हरलेल्यांची फळी या दोन गोष्टी उचलाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

हे आत्ताच सांगण्याची गरज आहे, कारण आपण सध्या लाटेच्या सुरुवातीला आहोत. मुंबई, पुणे, गोवा इथे कोर्टं वाढत आहेत. दुबईत नोकरीला असलेली मराठी मंडळी तिथे खेळून इथे सुट्टीला येतात तेव्हा कोर्ट शोधतात. २०२२ सालची जागतिक स्पर्धा दुबईतच झाली होती. कंपन्यांच्या अंतर्गत स्पर्धा सुरू झाल्या आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण स्वीडननं काय अनुभवलं ते समोर आहे. २०२०च्या सुमारास, महासाथीच्या काळात, तिथे पॅडेलची प्रचंड लाट आली. गोदामांत, जुन्या कारखान्यांत कोर्टं झाली. दोन-तीन वर्षांत कोर्टं खेळणाऱ्यांपेक्षा जास्त झाली आणि अनेक केंद्रांना टाळं लागलं. अर्जेंटिनाचा ९०च्या दशकातला अनुभवही हाच होता. फक्त तासाच्या भाड्यावर उभं राहिलेलं कोर्ट नवलाई संपली की रिकामं पडतं. जिथे श्रेणी आहेत, स्थानिक लीग आहे, दर महिन्याला आपल्याच पातळीच्या माणसांशी दोन हात करायची सोय आहे, तिथे माणसं वर्षानुवर्षं येत राहतात. हौशी स्पर्धा हा या खेळाचा कणा आहे, आणि ती चांगली भरवणं व चांगली खेळणं ही खेळणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत असणार नाही, तो इथे मुद्दाम केला आहे. नियमांनुसार समुद्रसपाटीपासून ५०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी कमी उसळणारा वेगळा चेंडू वापरण्याची मुभा आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे या रेषेच्या जरा वरच. मुंबईत सरावलेली जोडी पुण्यात आली की तिचे लॉब वीतभर लांब पडू लागतात आणि पुणेकर मुंबईत गेले की चेंडू जड वाटतो. मुंबईच्या दमटपणात संध्याकाळी काचेवर ओल धरते. ओल्या काचेवरून चेंडू घसरून खाली येतो, तेव्हा काचेची वाट न पाहता तो आधीच खेळावा. कृत्रिम हिरवळीवर पसरलेली बारीक वाळू नव्या कोर्टावर जास्त असते आणि साध्या जॉगिंगच्या बुटांनी पाय सरकतो. तळाला नागमोडी नक्षी असलेले बूट ही या खेळातली पहिली खरेदी असावी, महागडी रॅकेट नंतर. रॅकेटच्या बाबतीत एवढंच, की हिऱ्याच्या आकाराची, डोक्याकडे जड रॅकेट दुकानात भुरळ घालते आणि तिसऱ्या सामन्यात कोपर दुखवते. गोल आकाराची, मऊ रॅकेट बहुतेकांना पुरते. कोपर, पोटरी आणि टाचेवरची शीर ही या खेळातली दुखरी ठिकाणं आहेत. एका दिवसात तीन सामने खेळणाऱ्या चाळिशीच्या माणसानं त्यांची काळजी पहिल्या सामन्याच्या आधी घ्यायला हवी, तिसऱ्याच्या नंतर नाही.

आणखी एका विषयाला या पुस्तकात ऐसपैस जागा दिली आहे : पंच नसलेला सामना. हौशी स्पर्धांत अंतिम फेरी सोडली तर पंच क्वचितच असतो. आपल्या बाजूचा निर्णय आपणच द्यायचा. चेंडूचे दोन टप्पे पडले का, अंगाला लागला का, रॅकेट नेटला टेकली का, हे कित्येकदा ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. त्यात नियमांचं अज्ञान भर घालतं. सर्व्हिसचा चेंडू चौकोनात पडून काचेला लागला तर चालतो, जाळीला लागला तर फॉल्ट. आपल्याच बाजूच्या काचेवर मारून चेंडू पलीकडे पाठवता येतो. ४०-४० झाल्यावर गोल्डन पॉइंट, म्हणजे एकाच गुणावर गेमचा निकाल असेल, तर सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे परतवणारी जोडी ठरवते. हे नियम दोन्ही जोड्यांना माहीत असले तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी एकच उपाय आहे. शंका आली तर गुण समोरच्याला द्यावा. मी अशा जोड्या ओळखतो ज्यांच्याविरुद्ध हरलं तरी माणसं पुढच्या आठवड्यात त्यांच्याशीच खेळायला फोन करतात, आणि एखाद्या क्लबची खरी कमाई ती असते.

या पुस्तकात फटक्यांची शंभर छायाचित्रं नाहीत आणि ‘तीस दिवसांत विजेते व्हा’ असं आश्वासनही नाही. ज्याला कोर्टावर जाऊ लागून महिना-दोन महिने झाले आहेत, ज्याला रॅली खेळता येते आणि जो पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर आहे, त्याला समोर ठेवून ते लिहिलं आहे. स्पर्धेच्या सहा आठवडे आधीपासून अंतिम सामन्यानंतरच्या सोमवारपर्यंत असा त्याचा पल्ला आहे. सरावाचे पाठ दोघांनी मिळून करायचे आहेत, एकट्यानं करायचा भाग जाणूनबुजून थोडा ठेवला आहे. गुण टिपायच्या वहीचा नमुना दिला आहे. तो खरोखर वापरावा, मित्राला बाहेर बसवून दोन सामने टिपून घ्यावेत आणि मगच आपलं काय चुकतं याचा निष्कर्ष काढावा. महिलांच्या आणि मिश्र स्पर्धांचा विचार स्वतंत्र केला आहे. मिश्र सामन्यात सगळे चेंडू स्त्री खेळाडूकडे मारायचे, ही आपल्याकडे रूढ होत चाललेली रीत खेळ म्हणूनही आळशी आहे आणि तिला उत्तर देणाऱ्या चाली इथे तपशिलानं मांडल्या आहेत.

वाचकांना एक विनंती. मोबाइल ॲपवरचा ० ते ७ मधला आकडा असो की आयोजकांचा गट, नाव नोंदवताना आपली पातळी खरी लिहा. चषकासाठी खालच्या गटात उतरलेली एक जोडी त्या दिवशी चार-पाच नवख्या जोड्यांचा उत्साह मारते. त्यांतल्या काही पुन्हा कधीच स्पर्धेला येत नाहीत. एक जोडीदार निवडा, त्याच्याबरोबर निदान तीन स्पर्धा खेळा, आणि जोडी बदलायची की नाही हे त्यानंतर ठरवा.